फळ्यावरची चिठ्ठी

सोमवार, ९ मार्च

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो कायम विरोधी पक्षातच असतो. त्याचं मी मनावर घेत नाही.

तू आणि मी, एका आईच्या दोन मुली, आपली एक तक्रार सामाईक आहे. आपल्या घरात बाईचं वाक्य कधी कुणी पुरं होऊ दिलं नाही. आपण तोंड उघडलं की कुणाला तरी पाणी हवं असायचं, कुणाचा तरी चष्मा सापडत नसायचा. त्यातून मी ओरडायला शिकले आणि तू गप्प बसायला. मी टेलिफोन खात्याच्या फाटकाबाहेर स्टुलावर चढून तीस वर्षं भाषणं ठोकली, तू दातांच्या लॅबमध्ये मेणात दात कोरत बसलीस. आता ती तक्रार पुन्हा निघाली आहे, आणि या वेळी वाक्य तोडणारी मी, असं तुझं म्हणणं असावं. असावं म्हणते, कारण शनिवारपासून तू फोनच घेत नाहीस.

म्हणून हे पत्र, आणि तेही ह्यांच्या कवळीच्या डबीतून. निमित्त काढलेलं नाही, वरचा एक दात खरोखर सैल झाला आहे. कवळीची डबी तुमच्या लॅबमध्ये तुझ्याशिवाय कुणी उघडत नाही हे मला माहीत आहे. तुमच्या घरी टपाल आधी कुणाच्या हाती पडतं, तेही माहीत आहे.

शनिवारी तू दुसऱ्या रांगेत खिडकीशी होतीस आणि मी बोलायला उठल्यावर पाचव्या मिनिटाला निघून गेलीस. काय काय झालं ते मीच सगळं सांगते, म्हणजे कुणाकडून तिखटमीठ लावून कळायला नको.

एकोणीस वर्षांत आपल्या वाचक मंडळात एका पुस्तकावरून इतकी जुंपली नव्हती. सहाशे पानांची कादंबरी, त्यातली दोनशे पानं नुसता विचार. नकाशे काढणारा नवरा, त्याची बायको आणि पूल बांधणारा तो इंजिनियर. नऊ वर्षं बाई इंजिनियरवर प्रेम करते, नवऱ्याचा संसार करते, आणि शेवटून तिसऱ्या पानावर नवऱ्याला सगळं सांगून टाकते. नवरा म्हणतो, "मला ठाऊक होतं," आणि पुन्हा पेन्सिलीला टोक काढायला बसतो. संपलं पुस्तक, सुरू झालं भांडण.

आमचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "हा नवरा संत आहे."

"संत कसला सर, दमलेला माणूस आहे," आमच्या मेट्रनबाई म्हणाल्या. "रुग्णालयात तीस वर्षं बघतेय. दमलेली माणसं अशीच शांत दिसतात."

बेकरीवाल्याचा राग वेगळाच. "लेखकाने बायकोला विचार करायला दोनशे पानं दिली. बिचाऱ्या नवऱ्याला ओरडायला अर्धं पान तरी द्यायचं होतं!"

मग आपले ग्रंथपाल, जे एरवी पुस्तकाच्या नोंदीपलीकडे बोलत नाहीत, ते हळूच म्हणाले, "'आज काय झालं गं' हे ज्या दिवशी विचारायचं थांबतं, त्या दिवशी बेइमानी सुरू होते. मग दोघंही बेइमानच की."

"म्हणजे सगळ्यांचा गुन्हा, म्हणजे कुणाचाच नाही?" मुख्याध्यापक तापले.

"सर, तुम्ही घरी गेल्यावर विचारता का, आज काय झालं?" मेट्रननी टोला हाणला.

"आमच्याकडे न विचारता सांगतात."

सगळे हसले. तूही हसलीस. मी पाहिलं.

आमच्या ह्यांनी तर चाळीस पानं वाचून पुस्तक परत केलं होतं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ही माणसं एवढा विचार करतात तर कामाला कधी जातात?"

मग चिठ्ठ्या. प्रत्येकाने बिननावाचं मत लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचं, अध्यक्ष म्हणून मी एकेक काढून मोठ्याने वाचायचं, आणि ज्या मताशी अध्यक्षाचं अजिबात पटत नाही ती चिठ्ठी आठ दिवस फळ्यावर लावायची. नक्कल नाही, मूळ कागदच. नक्कल करताना माणूस विरोधकाचं म्हणणं नकळत मऊ करतो, हे मीच सुरुवातीला सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. टोचणारं मत भिंतीवर हवं, म्हणजे ते पुरतं टोचतं. या नियमाचा मला अभिमान आहे.

या वेळची सातवी चिठ्ठी अशी होती:

"नवरा माफ करतो म्हणून सगळे त्याला मोठा म्हणतील. तो माफ करतो, कारण ते लेखकाच्या हातात होतं. ज्या घरात माफी नाही तिथे बाई खरं बोलली तर काय होतं, ते या पुस्तकात नाही. माझं मन चार वर्षं दुसरीकडे आहे. मी कुठे गेले नाही, कुणाला शिवले नाही. तरी संध्याकाळी कुलपात किल्ली फिरली की मी आधी आरशात बघते, चेहऱ्यावर काही उरलंय का. जिला सांगता येत नाही तिला खोटारडी म्हणू नका."

ती वाचून झाल्यावर मी उठले आणि वीस मिनिटं बोलले. मी म्हणाले की मन कुणावर बसावं यात गुन्हा नाही. लपवणं हा गुन्हा आहे, लपवणं हाच व्यभिचार आहे. जी बाई रोज संध्याकाळी चेहरा पुसून दार उघडते, ती नवऱ्याला फसवते, त्या दुसऱ्याला फसवते आणि सर्वांत जास्त स्वतःला फसवते. खरं बोला, मग घर मोडलं तर मोडू द्या! खोट्यावर उभं असलेलं घर मोडलेलंच असतं. टाळ्या पडल्या. बेकरीवाल्याने बाक बडवला. तू तोवर निघून गेली होतीस.

चिठ्ठी नियमाप्रमाणे फळ्यावर लावली आहे, येत्या शनिवारपर्यंत राहील. ती कुणाची हे मला माहीत नाही. माहीत करून घेणं नियमात बसत नाही.

तुझे यजमान अजून मंगळवारी कचेरी सुटल्यावर वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला येतात का गं? सहज विचारते. कामाचा व्याप वाढला असेल तर येत नसतीलही.

कवळी बुधवारपर्यंत झाली तर बरं. तोवर हे खिमटीवर आहेत आणि माझ्यावर चिडलेले आहेत. फोन घे, धाकटे. एकदा घे.

तुझी
ताई


बुधवार, ११ मार्च, दुपारी बारा

धाकटे,

हे कवळी न्यायला आलेत ते खरे हे पत्र द्यायला आलेत. उभ्या उभ्या वाच, आणि झालं की तुझ्या स्पिरिटच्या दिव्यावर धर. चेहरा हलू देऊ नकोस. ह्यांना काही विचारू नकोस, त्यांना अभिनय येत नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. पुढे कळेल तुला.

चिठ्ठी फळ्यावर नाही.

सकाळी नऊ वाजता ग्रंथपालांचा फोन आला. "काल संध्याकाळी तुमचे मेहुणे येऊन गेले. वर्तमानपत्र हातात घेतलंच नाही. फळ्यासमोर उभे होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मला विचारलं, ही कोणी लिहिली? म्हटलं, नावं नसतात आमच्याकडे. तर म्हणाले, नाव लागत नाही. मी कपाटाला कुलूप लावून वळलो तर ते गेले होते, आणि चिठ्ठीही गेली होती. चारही टाचण्या मात्र त्यांनी पुन्हा फळ्याला ओळीत टोचून ठेवल्यात."

रागावलेला माणूस कागद ओरबाडून नेतो. याने टाचण्या ओळीत लावल्या.

काल रात्री ती चिठ्ठी त्याच्या खिशात होती, आणि तो तुझ्यासमोर बसून जेवला. बोलला का काही? मला वाटतं, नसेल बोलला.

सोमवारी मी तुला लिहिलं की चिठ्ठी कुणाची मला माहीत नाही. ते खोटं होतं. डब्यातून कागद काढून उलगडला आणि पहिल्या शब्दालाच मला कळलं. तुझा हात धरून पाटीवर अक्षर कुणी गिरवून घेतलं? तुला सहावं लागलं होतं आणि मला सोळावं. तू शब्द लिहिलास की आधी वर माझ्याकडे बघायचीस. ते अक्षर मी गर्दीत ओळखेन. शनिवारी मी ते मोठ्याने वाचलं, आवाज थरथरू दिला नाही, आणि वाचताना दुसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही.

मग ती चिठ्ठी बाजूला का ठेवली नाही? तू हेच विचारशील, विचारायलाच हवं. पहिलं उत्तर हे की मी घाबरले. बाजूला ठेवली असती तर मुख्याध्यापक म्हणाले असते, का हो, ही का वगळली? सौम्य बोलले असते तर मेट्रननी मान वर करून पाहिलं असतं. वाटलं, जितकं जोरात झोडपीन तितका कुणाला संशय येणार नाही. हे उत्तर खरं आहे, पण सोयीचं आहे. त्याच्या खालचं उत्तर असं की मला राग आला. चार वर्षं तुझ्या मनात हे होतं आणि तू ते एका पत्र्याच्या डब्याला सांगितलंस, मला नाही. आणि त्याच्याही खालचं: टाळ्या पडायला लागल्यावर मला थांबता आलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीच्या भीतीवर उभी राहून मी भाषण केलं, आणि ते छान झालं.

फळ्यावर कागद लावला तेव्हा नियम पाळला एवढंच डोक्यात होतं. माझाच नियम, मीच पाळला. वाचनालयात मंगळवारी कोण येतं ते तेव्हा आठवलं नाही. रविवारी आठवलं. रविवारीच जाऊन कागद काढून आणायचा, तर मी सोमवारी तुला पत्रात "सहज विचारते" असं लिहीत बसले. नियम मोडताना कुणी पाहिलं तर काय म्हणेल, याची मला धास्ती होती. कसली धास्ती कुठे बाळगली बघ मी!

आता आजचं ऐक. आज अकरा वाजता तो आमच्या घरी आला. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता, कपड्यांना इस्त्री, पायात मोजे.

"पाणी नको ताई. दोन मिनिटं बसतो." खिशातून चिठ्ठी काढून त्याने टेबलावर ठेवली आणि तळहाताने सरळ केली. "हे अक्षर कुणाचं वाटतं तुम्हाला?"

"माझं," मी म्हणाले.

"तुमचं."

"अध्यक्षाने चिठ्ठी टाकू नये असा नियम नाही."

"आणि स्वतःच्याच चिठ्ठीला वीस मिनिटं झोडपलंत? बेकरीवाले कौतुकाने सांगत होते."

"दोन्ही बाजू मांडायची सवय आहे मला. युनियनमध्ये लागते."

तो हसला. मनापासून हसला, धाकटे. मग सदऱ्याला लावलेलं पेन काढून माझ्यासमोर धरलं. "लिहून दाखवा. पहिल्या दोन ओळी."

दस्त नोंदणीच्या कचेरीत बावीस वर्षं सह्या जुळवणारा माणूस तो. मी लिहिलं. आपली अक्षरं एकाच हातची असली तरी माझं अक्षर घाईघाईच्या पत्रकांनी तिरकं झालंय, आणि तुझं अजून पाटीवरच्यासारखं उभं आहे. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले, जमिनीचे दस्त बघावेत तसे.

"तिरकं आहे," तो म्हणाला.

"वय झालं," मी म्हणाले.

तेवढ्यात खिडकीजवळच्या खुर्चीतून आमचे हे बोलले. तोंडात दात नाहीत, शब्द सगळे ओठांतून सांडत होते. "चिठ्ठी हिचीच आहे. मला माहीत आहे. आमचं बोलणं झालंय त्यावर."

तो वळला. "आणि तुम्हाला चालतं हे?"

"आता भांडायला दात कुठे आहेत मला?"

मला क्षणभर हसू फुटेल अशी भीती वाटली. तो हसला नाही. चिठ्ठीची घडी घातली, खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं.

"मी घाईचा माणूस नाही, ताई. तिने लिहिलेल्या सामानाच्या याद्या मी जपून ठेवतो, सगळ्या आहेत घरात. आज संध्याकाळी तिला कामावरून घेऊन जातो, मग दोघं बसून जुळवून बघतो. सावकाश." दाराशी बूट घालताना म्हणाला, "तुम्ही तिला फोन करू नका हं. तिचा फोन आज माझ्याकडे आहे."

तो गेल्यावर मी दाराला कडी लावली. भर दिवसा, माझ्या घरात, मी कडी लावली आणि ती लागली की नाही हे तीनदा पाहिलं. ज्या बाईने पोलिसांच्या गाडीसमोर उभं राहून घोषणा दिल्या ती मी. तेव्हा माझ्यामागे तीनशे बायका होत्या. तुझ्यामागे इतकी वर्षं कोण होतं?

ह्यांनी मला हळूच विचारलं, "तसं काही नाही ना गं?" मी म्हटलं, नाही हो. तर म्हणाले, "असतं तरी मी हेच म्हटलं असतं." आणि उठून कवळीची पावती शोधायला लागले. चाळीस पानांत पुस्तक मिटणारा माणूस आमच्या सगळ्यांच्या पुढे गेला, आणि त्यासाठी त्याला काही विचारही करावा लागला नाही.

आता ते, जे मी दोन वर्षं तोंडाबाहेर काढलेलं नाही. तुझं मनगट प्लास्टरमध्ये होतं. तू म्हणालीस, न्हाणीघरात पाय घसरला. मी त्या प्लास्टरवर सही केली, गुळगुळीत फरशांवर तुला एक व्याख्यान दिलं आणि चहा पिऊन घरी गेले. मला कळलं नव्हतं असं नाही. कळायला लागलं होतं, तेवढ्यात मी विषय बदलला. आपल्या घरातली ती जुनी चाल, बाईचं वाक्य अर्ध्यावर तोडण्याची, मी त्या दिवशी स्वतः चालवली. मेट्रननी मला तेव्हाच सांगितलं होतं, "घसरून पडलेल्याचं मनगट असं पिरगळून मोडत नाही हो ताई." मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

शनिवारचं माझं वाक्य मी मागे घेते. लपवणं हाच व्यभिचार, हे वाक्य मागे घेते. येत्या शनिवारी सगळ्यांसमोर उभी राहून घेईन, कुणी टाळ्या वाजवोत की न वाजवोत. खरं ऐकण्याचा हक्क लग्नाने मिळत नाही. खरं ऐकल्यावर जो हात उचलणार नाही, त्यालाच तो हक्क. बाकीच्यांपासून खरं जपायचं, जसं तू चार वर्षं जपलंस. तू खोटारडी नाहीस. तू पहाऱ्यावर होतीस. आणि मन कुणाकडे आहे ते मी विचारणार नाही. तुला कधी सांगावंसं वाटलं तर मी तुझं वाक्य पुरं होईपर्यंत तोंड मिटून बसेन. मला ते जड जाईल, तुला माहीतच आहे.

एक गोष्ट मला अजून भिववते, तीही सांगून टाकते. तू हे वाचून म्हणशील, ताई उगाच आकाशपाताळ एक करते, मी संध्याकाळी समजावीन त्यांना. तुझी समजूत काढण्याची हातोटी मला ठाऊक आहे. पण धाकटे, त्याने याद्या जपून ठेवल्या आहेत. त्याला समजूत नको आहे, पुरावा हवा आहे, आणि तो त्याच्याकडे आहे.

मेट्रनशी मी बोलले आहे. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "किती वाजता?" रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या घरी मागची खोली रिकामी केली आहे. आवाराच्या फाटकावर पहारेकरी असतो, नावाशिवाय आत सोडत नाही, आणि तुझ्या नवऱ्याचं नाव त्यांनी आत्ताच पहारेकऱ्याला देऊन ठेवलंय, सोडू नको म्हणून. आमच्याकडे येऊ नकोस. तो आधी आमच्याकडेच येईल. येऊ दे. मी आहे.

तुमच्या लॅबचं पुढचं दार त्याच्या कचेरीच्या खिडकीतून दिसतं, म्हणून पुढून नाही. चारला तुमची चहाची सुट्टी होते. प्लास्टरच्या गोण्या उतरवतात त्या मागच्या बोळात मेट्रनची करडी गाडी उभी असेल, आणि मी गाडीबाहेर उभी असेन. अंगातला ॲप्रन काढू नकोस. पर्स खुंटीवर तशीच राहू दे, म्हणजे बघणाऱ्याला वाटेल की तू आत्ता येशील. घरून काहीही आणायला जाऊ नकोस, कागदपत्रं नाही, औषध नाही, एक कपडा नाही. सगळं मागाहून मिळवू. कुणी विचारलं, कुठे निघालीस, तर उत्तर देऊ नकोस. चालत राहा. सात-आठ पावलांचं अंतर आहे, मी मोजलंय.

आज चार वाजता मागच्या दाराने बाहेर ये.

साडेतीनपासून बोळात उभी असणारी,
तुझी ताई